नारू, नवस आणि इनासची पाठ

ज्याच्या पायातून नारूच्या किड्याचं तोंड बाहेर आलं आहे, त्याने एवढंच वाचलं तरी पुरे: ओढू नका. बाकीचं वाचायला वेळ असेल तर वाचा. नारूवाल्याला वेळच वेळ असतो.

हे लिहायला मला पाद्रीबाबांनी सांगितलं. आमच्या आळीत यंदा घराआड एकाच्या पायाला पट्टी आहे, आणि रविवारी मिसेची उपासना झाल्यावर लोकांना वाचून दाखवण्याजोगं काहीतरी त्यांना हवं आहे. आजारातून मी देवाच्या इच्छेपुढे कसा नमलो ते लिहावं, असं बहुधा त्यांच्या मनात असावं. मी तोफखान्याच्या कचेरीत कारकून आहे. दुसऱ्याने सांगितलेलं लिहिणं हाच माझा धंदा. पण या खेपेला जसं झालं तसंच लिहितो, आणि ते काही सरळ झालं नाही.

माझं नाव दुमिंग. वडील वसईकडून तोफखान्याबरोबर पुण्यात आले आणि इथलेच झाले. मला लहानपणी वसईला एका म्हाताऱ्या पाद्रीकडे ठेवलं होतं. तिथे अक्षर शिकलो, म्हणून तोफेच्या बत्तीऐवजी हातात बोरू आला. माझी बायको कातरीन गेल्या वर्षी वैशाखात तापाने गेली. मी तेव्हा फौजेबरोबर मुलूखगिरीवर होतो. निरोप मिळून घरी पोचलो तेव्हा तिला पुरून तीन दिवस झाले होते. दारात तिचा धाकटा भाऊ इनास उभा होता. तो गोलंदाज आहे, अंगाने आडवा, आवाजाने मोठा. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "देवाची इच्छा, दाजी."

त्या दिवसापासून हे दोन शब्द माझ्या कानाला सहन होत नाहीत. आळीतल्या झाडून सगळ्यांनी ते मला ऐकवले. कोणी डोळे पुसत, कोणी पान खात. ज्याला आणखी काही सुचत नाही तो हे म्हणतो आणि सुटतो.

आमच्यात वर्षभर थडग्यावर दोन काटक्यांची खूण असते. वर्षाच्या दिवशी मिसा होते आणि घरचा माणूस पक्का क्रूस नेऊन तिथे रोवतो. मी तिच्या थडग्यापाशी नवस बोललो, की तो क्रूस मी स्वतः खांद्यावर घेईन आणि घरापासून थडग्यापर्यंत अनवाणी चालत नेईन. तिला खांदा देता आला नाही, निदान एवढं. हिवाळाभर बसून सागाच्या क्रूसावर तिचं नाव कोरलं. कागदावर लिहिणाऱ्याला लाकूड सोपं नसतं. पण अक्षर चांगलं आलं.

आणि चैत्र लागता लागता माझ्या घोट्यावर फोड आला.

फोड

जोडा लागला असेल म्हणून मी आधी जोड्याला दोष दिला, मग चांभाराला. तिसऱ्या दिवशी कोणी निखारा बांधून ठेवल्यासारखी आग होऊ लागली. कचेरीतून परतताना राहवेना, म्हणून नागझरी ओढ्याच्या डबक्यात पाय घालून बसलो. गार वाटलं. पाय वर काढला तर फोड फुटला होता आणि त्यातून बोटभर पांढरं सूत लोंबत होतं. शेवाळं चिकटलं असेल म्हणून मी ते चिमटीत धरलं. ते आतून धरलेलं होतं.

मी लंगडत घरी आलो. इनासने पाय पाहिला आणि म्हणाला, "नारू आहे, दाजी." मग काही क्षण थांबला. पुढचे दोन शब्द ओठांवर आले होते. माझं तोंड पाहून त्याने ते गिळले आणि अमीनाबीला आणायला गेला.

अमीनाबी गंज पेठेतली. विणकराची विधवा, साठीच्या पुढची. नवरा गेल्यावर माग गेला, पण सूत न तोडण्याची सवय बोटांत राहिली, आणि तीच आता तिची विद्या. तिने माझा पाय मांडीवर घेतला, सूत निरखलं आणि बाजारात माल पाहावा तशी म्हणाली, "चांगलं आहे. मुन्शीजी, आता महिना-सव्वा महिना हा पाय माझा. तुमचा नाही."

मला नेमके दिवस हवे होते. वर्षाचा दिवस साडेपाच आठवड्यांवर होता. मी विचारलं, पस्तीस दिवसांत निघेल का? तिने सुताकडे बोट केलं. "त्याला विचारा. मला सांगितलं तर मी तुम्हाला सांगेन."

सूत गुंडाळायला तिला गुळगुळीत काडी हवी होती. माझ्या पेटीत जुने बोरू होते. त्यातला एक तिने उचलला, टोक मोडून टाकलं आणि सुताचं तोंड त्यावर एक वेढा देऊन बांधलं. वीस वर्षं ज्याने लिहिलं त्यावर आता हे. मी तोंड फिरवलं.

जाताना तिने विचारलं, पाणी कुठलं पिता. शहरात कात्रजच्या पाण्याचे हौद आहेत. आमच्या आळीपर्यंत ते पाणी आणायचं कोणी मनावर घेतलेलं नाही. आम्ही पायऱ्यांच्या विहिरीचं पितो. अमीनाबी म्हणाली, आज प्यालेलं पाणी वर्षाने पायातून निघतं. दुहेरी फडक्यातून गाळून प्या, आणि हा पाय घेऊन विहिरीत उतरू नका, नाहीतर तुमचा नारू गावाला जेवायला घालाल. हे मी नीट लिहून ठेवतो, कारण या कागदात उपयोगाचं असं हेच.

वर्षाने. म्हणजे ते पाणी कातरीननेच भरलेलं. ती रोज पदर दुमडून घागरीवर धरायची. मी कचेरीच्या घाईत असलो की म्हणायची, "थांबा, गाळते." मी थांबायचो नाही.

रोज अर्धा वेढा

सकाळी कोमट पाण्याची धार पायावर धरायची, घटका दीड घटका. मग अमीनाबी यायची. बोरू दोन बोटांत धरून ती इतकी हळू फिरवायची की फिरला हे मला दिसण्याआधी दुखण्यावरून कळायचं. अर्धा वेढा, कधी पाव. सूत अडलं की तिथेच थांबायचं. मग एरंडाचं पान, वर पट्टी, बोरू पायालाच बांधलेला. दिवसभर बाजेवर पडायचं आणि कुशीवर वळायचं नाही. काही दिवशी बोटभर यायचं. काही दिवशी काहीच नाही. न आलेल्या दिवशीही अमीनाबी तेवढाच वेळ बसायची आणि तेवढ्याच समाधानाने उठायची, याचा मला फार राग यायचा.

जेवण इनासच्या घरून येई. त्याची बायको दोन घरांचं रांधत होती आणि ते मला कळावं अशा आवाजात वाडगं खाली ठेवत होती. तिची चूक नव्हती. माझीही नव्हती. पण अशा वेळी वाडग्याचा आवाज दिवसभर डोक्यात राहतो.

इनास तर रोज संध्याकाळी यायचा. त्याला या नारूत दाखला सापडला होता. माणसाचं मनही असंच आत गुंडाळलेलं असतं, दाजी, देव ते जरा जरा करून बाहेर काढतो, आपण ओढू नये. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं, हे कबूल करतो. आठव्यांदा मी त्याला म्हणालो, की देवाला माझं मन हवं होतं तर ते घोट्यातून का. तो विचारात पडला आणि दुसऱ्या दिवशी याचंही उत्तर घेऊन आला.

दिवेलागणीला घरात प्रार्थना होते. आमच्या नेमाच्या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग घरच्या कर्त्याने एकट्याने म्हणायचा असतो, उरलेला सगळ्यांनी मिळून. त्या पहिल्या भागाच्या शेवटी, आमचं नको, तुझ्या मनातलं होऊ दे, अशा अर्थाची जागा येते. कातरीन गेल्यापासून मी तो भाग म्हटलेला नाही. घसा बसला आहे, असं एकदा सांगितलं आणि इनासवर सोपवलं. वर्षभर घसा बसलेला कारकून आळीत मी एकटाच. इनास त्या जागेवर आला की आवाज चढवायचा. माझ्या वाटणीचंही तोच म्हणतो आहे असं वाटायचं, आणि त्यानेच मी जास्त चिडायचो. माझ्या वतीने कबुली द्यायला याला मुखत्यारपत्र कोणी दिलं?

कचेरीतले भाऊराव एकदा येऊन गेले. आम्ही बारा वर्षं शेजारी बसून लिहितो. ते मला फिरंगीबुवा म्हणतात. मी फिरंगी नाही हे त्यांना ठाऊक आहे, म्हणूनच म्हणतात. ते ओटीच्या बाहेर कडुलिंबाखाली उभे राहिले आणि तिथूनच बोलले.

"कारभारी विचारत होते, कारकून गेला का आहे. मी म्हटलं, कागद आल्याशिवाय सांगता येणार नाही."

"आहे म्हणून सांगा."

"सांगतो. पण तुमची गादी रिकामी बरी वाटते. उजेड येतो." मग त्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि विचारलं, वर्षाचा दिवस कधी. मी सांगितला. नवसही सांगितला. भाऊराव म्हणाले, "चालत? या पायाने? नवस बोलताना पायाला विचारलं होतं का?" जाताना ते ओटीच्या कडेला एक पुडी ठेवून गेले. आत कोऱ्या कागदाचे दोन ताव होते. पडल्या पडल्या लिहा, म्हणून. हा मजकूर त्याच तावांवर आहे.

घाई

चौथा आठवडा संपत आला तेव्हा बोरूवर वीतभराहून जास्त सूत जमलं होतं. मग ते अडलं. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. वर्षाच्या दिवसाला दहा दिवस उरले. मी अमीनाबीला विचारलं, मागे काय राहिलं आहे. ती म्हणाली, असेल तेवढं. मी म्हणालो, जरा जोराने नाही का चालणार. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या मागावर पाय ठेवला.

चौथ्या दिवशी अमीनाबीच्या नात्यात लग्न होतं. ती सकाळी धार धरायला सांगून गेली. बोरूला हात लावू नका, मी परवा येते.

दुपार होती. इनास कवायतीला गेलेला. क्रूस भिंतीला टेकून समोरच उभा होता, कातरीनचं नाव माझ्याकडे तोंड करून. मी त्या नावाकडे पाहत पडलो होतो. मनात एकच: गेल्या वर्षी पोचलो नाही, यंदाही पोचणार नाही. मी उठून बसलो. पट्टी सोडली. देवाला म्हणालो, हे तुझंच काम आहे, तुझ्याच दारात क्रूस आणायचा आहे, तर आता अडवू नकोस. अगदी भक्तिभावाने म्हणालो. आणि बोरूला एक पूर्ण वेढा दिला.

सूत आलं. दुखलं, पण आलं. दुसरा वेढा दिला.

तुटताना काहीच आवाज होत नाही. बोरू हातात हलका झाला, एवढंच. आणि जखमेच्या तोंडाशी दिसत असलेलं पांढरं टोक सावकाश आत गेलं.

ताप

रात्रीपर्यंत पाय पोटरीपर्यंत सुजला. सकाळी गुडघ्यापर्यंत. अमीनाबी परवा यायची ती दुसऱ्याच दिवशी आली, लग्नाचं लुगडं अंगावर तसंच. तुटलेल्या टोकाचा बोरू तिने हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. मला वाटलं ओरडेल. ती हळूच म्हणाली, "इतकं चांगलं सूत होतं, मुन्शीजी." त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

पुढच्या दिवसांचं मला सलग आठवत नाही. तोफखान्याचा जर्राह, जखमा चिरणारा वैद्य, आला, त्याने दोन ठिकाणी पाय चिरला. सूज गुडघ्याच्या वर गेली तर पाय कापावा लागेल, असं तो इनासला दाराबाहेर सांगत होता. दाराबाहेरचं आजाऱ्याला जास्त स्पष्ट ऐकू येतं. सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चिरताना इनासने माझे खांदे धरले होते. त्याच्या तोंडून तेच दोन शब्द चालू होते, भराभरा, एकामागून एक. आणि मी त्याच्यावर तुटून पडलो. अंगात ताप होता, पण बोलणं तापातलं नव्हतं. वर्षभराचं होतं.

मी म्हणालो, तुला काय. तुझी बहीण, तूच उचललीस, तूच पुरलीस, मला कोणी विचारलं. तीन दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं. सगळं उरकून दारात उभा राहिलास आणि देवाची इच्छा म्हणालास. देवाची कसली? तुझी.

इनासने खांदे सोडले नाहीत. मग जर्राह हात धुवायला गेला तेव्हा म्हणाला, "वैशाख होता, दाजी. दुसऱ्या दिवशीच घरात थांबवेना. तीन दिवस ठेवली असती तर तुम्हाला काय दाखवलं असतं?"

मी भिंतीकडे पाहत होतो.

"उचलायला चौघे होतो. माझ्याच्याने उचलवेना. तोफ उचलतो मी, पण ते उचलवेना. तेव्हा ते म्हटलं. म्हटलं म्हणून उचललं गेलं." त्याने माझ्या तोंडावरचा घाम स्वतःच्या पागोट्याच्या टोकाने पुसला. "तेव्हापासून थांबवता येत नाही. तुम्हाला बोध करायला म्हणत नाही मी. तुम्हाला तसं वाटतं, ते ठाऊक आहे मला."

त्या रात्री घरी जाताना तो प्रार्थना न म्हणताच निघाला, तेव्हा मीच त्याला हाक मारली की राहिली आहे. त्याने ती म्हटली. त्या जागेवर आवाज चढवला नाही.

कोणाचा नवस

सूज गुडघ्याच्या खाली थांबली. पाय राहिला. अमीनाबीने पुन्हा रोज येणं सुरू केलं. आता गुंडाळायला काही नव्हतं, दोन्ही वेळा ऊन पोटीस आणि जखमेतून जे येईल ते. नारूचे तुकडे येत होते. तिने मला ते दाखवले नाहीत आणि मी मागितले नाहीत.

वर्षाच्या दिवसाला दोन दिवस राहिले तेव्हा पाद्रीबाबा आले. ते गोव्याकडचे, वयाने सत्तरीचे, मराठी जपून बोलतात आणि कामाचं तेवढंच. मी त्यांना सांगितलं, माझा नवस मोडतो आहे, मला त्यातून सोडवा, किंवा दिवस पुढे ढकला.

ते बाजेच्या कडेवर बसले. "हा नवस तुझ्याकडे मागितला कोणी? देवाने?"

"नाही."

"कातरीनने?"

"ती कशाला मागेल. तिला अनवाणी चाललेलं आवडायचं नाही."

"मग मोडतो तो कोणाचा?"

मला संताप आला. मी म्हणालो, पाद्रीबाबा, मी देवासाठीच करत होतो. स्वतःचं सुख नव्हतं त्यात. अनवाणी, उन्हात, ओझं घेऊन. ते म्हणाले, हो, म्हणूनच कळायला उशीर लागतो. सुखाची इच्छा लगेच ओळखू येते. आपण कष्ट मागितले की आपल्याला वाटतं ते आपण देवाला दिलं. "तुला शरण जायचं आहे, दुमिंग. पण आपल्या पायांनी, ठरवलेल्या वाटेने, सगळे बघत असताना."

मी म्हणालो, "मग काय, पडून राहू?"

"ते मला काय विचारतोस. परवा सकाळी मिसा आहे. कोणी न्यायला आलं तर ये." ते उठले. दाराशी थांबून म्हणाले, "आणि मला दिवस पुढे ढकलायला सांगू नकोस. ती त्याच दिवशी गेली आहे."

बोध ऐकून मन हलकं होतं असं म्हणतात. माझं झालं नाही. ते बोलले ते खरं आहे हे मला तेव्हाच कळलं, आणि कळल्यामुळे रात्रभर जास्तच चिडलो. देवाच्या इच्छेवर राग होता तोवर निदान मी एका बाजूला आणि तो दुसऱ्या बाजूला होता. आता दोन्हीकडे मीच निघालो.

पाठ

त्या दिवशी सकाळी इनास धुतलेला अंगरखा घालून आला. मी त्याला म्हणालो, क्रूस तू ने. मी इथेच राहतो. हे म्हणताना मला वाटलं, हीच ती शरणागती, झाली एकदाची. इनासने क्रूस उचलला, आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मग माझ्याकडे पाठ करून बाजेसमोर उकिडवा बसला.

"चढा, दाजी."

"कुठे?"

"पाठीवर. क्रूस तुम्ही धरा. नवस तुमचा आहे."

"मोडला तो."

"मोडकं सामान ओढायची सवय आहे मला. चढा, ऊन होईल."

मी चाळीस वर्षांचा माणूस, कचेरीत चार लोक मला अहो म्हणतात. मी त्याला सांगितलं की डोली बोलवू. तो म्हणाला, डोली नागझरीच्या दगडांवरून नीट जात नाही. मी म्हणालो, लोक हसतील. तो म्हणाला, हसू देत, वर्षभर कोणी हसलेलं नाही. त्याची बायको दारात उभी होती. ती पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलली. "भावोजी, त्यांचे गुडघे दुखतात असं बसून."

मी चढलो.

आमचं घर नागझरीच्या अलीकडे आणि किरिस्तावांचं देऊळ पलीकडे. त्याच्या आवारातच थडगी. वाट फार नाही, पण पाठीवरून ती संपत नाही. क्रूस एका हाताने धरवेना. तो दर दहा पावलांना इनासच्या कानावर आपटायचा. त्याने एकदाही तक्रार केली नाही, याचाही मला त्रास झाला. अमीनाबी मागून चालत होती आणि पाय लोंबू देऊ नका म्हणून मला सांगत होती, जणू तो कसा ठेवायचा हे माझ्या हातात होतं. ओढ्याच्या काठावर भाऊराव उभे होते. घरून इतक्या लांब, सकाळच्या प्रहरी, कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही.

"फिरंगीबुवा, पालखीला भोई एकच?"

"दुसरा मिळाला नाही."

"लिहिणाऱ्याचं वजन कमीच असतं म्हणा," असं म्हणून ते आमच्या मागे चालू लागले. देवळाच्या कुंपणापर्यंत आले आणि तिथे जोडे काढून बाहेरच उभे राहिले.

ओढा ओलांडताना दगड ओले होते. इनासने एक पाय टाकला, तोल सावरला, आणि म्हणाला, "देवाची इच्छा." दुसरा पाय. पुन्हा तेच. माझी छाती त्याच्या पाठीला लागली होती. समोरून ऐकताना ते मला प्रवचन वाटायचं. पाठीवरून ऐकलं तर त्यात सांगणं असं काही नव्हतं. तोफेचं चाक चिखलातून काढताना गोलंदाज एकसुरात हुंकार भरतात, तसं ते बरगड्यांतून येत होतं. प्रत्येक पावलाला एक. ते थांबलं असतं तर आम्ही दोघेही पाण्यात गेलो असतो.

मिसा झाली. थडग्यापाशी खड्डा खणून ठेवला होता. मला खाली बसवलं. मी बसल्या बसल्या क्रूस उभा धरला आणि इनासने माती लोटून दगडाने ठोकली. क्रूस जरा डावीकडे कलला. मी म्हणालो, सरळ कर. इनासने दोनदा प्रयत्न केला. मग पाद्रीबाबा म्हणाले, राहू दे.

आता घरच्याने प्रार्थनेचा पहिला भाग म्हणायचा. सगळे इनासकडे पाहत होते, वर्षभराची सवय. इनासने सुरुवात केली. एक ओळ म्हणाला, दुसरी म्हणाला. आवाज फाटत होता. माझं ओझं, उन्हातली वाट, वरून माती लोटणं आणि ठोकणं. तो त्या जागेशी आला आणि थांबला. तोंड उघडं होतं, छाती वर-खाली होत होती, पण शब्द निघत नव्हता. दम संपला होता, दुसरं काही नाही. पहिला भाग पुरा झाल्याशिवाय बाकीच्यांना आपला भाग सुरू करता येत नाही. सगळे थांबले. कुंपणाबाहेर भाऊराव थांबले. अमीनाबी थांबली.

कोणीतरी म्हणायला हवं होतं. मी जमिनीवर बसलो होतो, हात मातीत, डोळ्यांसमोर मीच कोरलेलं नाव, जरा कललेलं. मी ते शब्द म्हटले. इनासच्या वाटणीचे म्हटले, असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं. मग बाकीचे सगळे एकदम सुरू झाले आणि प्रार्थना पुढे गेली.

हे वाचून कोणी असं समजू नये की मी नमलो. संध्याकाळी पोटीस गार होती म्हणून मी अमीनाबीशी भांडलो. पाय अजून वाकत नाही. थोडा तसाच राहील असं ती म्हणते. मी काठी घेऊन कचेरीत जातो आणि भाऊरावांचा उजेड अडवतो. दिवेलागणीला पहिला भाग आता मी म्हणतो. रोज सारखाच मनापासून म्हणतो असं नाही. काही दिवशी अर्धा वेढा, काही दिवशी काहीच नाही.

त्या दिवशी प्रार्थना संपल्यावर लोक पांगले. इनास क्रूसाशी टेकून दम घेत होता. त्याने मनगटाने तोंड पुसलं.

"दाजी, फार हळू म्हणालात. मागच्यांना ऐकू गेलं नसेल."

"होतं तेवढं म्हटलं."

त्याने मान हलवली. मग वळून माझ्याकडे पाठ केली आणि उकिडवा बसला.

"बरं," तो म्हणाला. "चढा."